कॉपीरायटरने कोणत्या गल्लीत दुकान टाकावं?

लोहार चाळीत स्विच घ्यायला गेलात की दुकानदार ‘काय हवंय’ असं विचारत नाही. मान वर न करता ‘सहा का सोळा?’ एवढंच विचारतो. सहा अँपियरचा दिव्या-पंख्याला, सोळाचा गीझरला. आपण गडबडलो की पुढचा प्रश्न येतो, ‘कशाला लावायचाय?’ आणि दोन मिनिटांत बरोबर माल हातात पडतो. कापड हवं तर मंगलदास मार्केट, यंत्रांचे सुटे भाग हवेत तर नागदेवी, इलेक्ट्रॉनिक्सचं काही हवं तर लॅमिंग्टन रोड. मुंबईचा जुना बाजार असा गल्ल्यागल्ल्यांत वाटलेला आहे. लोहार चाळीतल्या माणसाने साड्या ठेवल्या नाहीत म्हणून त्याचा धंदा बुडाला, असं मी तरी ऐकलेलं नाही.

हे आठवलं ते भाचीमुळे. ती अंधेरीतल्या एका एजन्सीत तीन वर्षं कॉपीरायटर आहे आणि आता नोकरी सोडून स्वतंत्रपणे काम करायचं म्हणते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पोहे खाताखाता म्हणाली, ‘मावशी, सगळे सांगतात एक नीश पकड. मी फॅशन घेऊ की ट्रॅव्हल?’ आतून सासूबाईंचा आवाज आला, ‘कॉपीराइटच्या कामात फॅशन कुठून आली?’ सासूबाईंच्या लेखी मी गेली चौदा वर्षं ‘कॉपीराइटचं काम’ करते.

तेव्हा आधी तेवढं उरकू. कॉपीराइट म्हणजे स्वामित्व हक्क, ते वकिलांचं काम. कॉपी म्हणजे काहीतरी विकण्यासाठी, पटवण्यासाठी किंवा समोरच्याकडून एखादी कृती करून घेण्यासाठी लिहिलेला मजकूर. होर्डिंगवरची ओळ, रेडिओची जाहिरात, वेबसाइटचं पान, बँकेचा एसएमएस, औषधाच्या खोक्यातलं पत्रक, सगळी कॉपीच. आणि नीश म्हणजे आपली गल्ली. ‘अमुक काम असेल तर तिला फोन करा’ या वाक्यातलं ते ‘अमुक’.

आता खरा प्रश्न. गल्ली लागतेच का?

एजन्सीत लागत नाही. भाचीच सकाळी साबण लिहिते, दुपारी स्कूटर आणि संध्याकाळी एखाद्या ओटीटी मालिकेचं पोस्टर. जाहिरातीच्या धंद्यातले या शहरातले गाजलेले लोक असेच सगळ्यातलं थोडंथोडं लिहून मोठे झाले. पण एक गोष्ट दिसत नाही. तिच्या मागे क्लायंट सर्व्हिसिंगवाला उभा असतो. तो ग्राहकाच्या ऑफिसात चार तास बसून येतो, काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही ते टिपून आणतो, आणि दोन पानांचा ब्रीफ तिच्या टेबलावर ठेवतो. प्लॅनिंगवाली बाई ग्राहक कोण, त्याला काय खुपतंय ते सांगते. शेवटी कायदेशीर बाबी बघणारा कोणीतरी एखादा शब्द लाल करतो. भाचीला वाटतं आपण कोणत्याही विषयावर लिहू शकतो. लिहू शकते ती नक्कीच, पण तो विषय दुसऱ्या कोणीतरी आधी चावून दिलेला असतो.

नोकरी सोडली की हे तिघेही जातात. फोन थेट ग्राहकाचा येतो आणि ब्रीफ म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा पावणेदोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज, तोही रिक्षातून पाठवलेला.

माझं मत आता सांगून टाकते, पुढचा सगळा लेख त्यावरच उभा आहे. ग्राहक चांगल्या वाक्यांचे पैसे देत नाही. आपल्याला समजावून सांगण्यात त्याचा जो वेळ वाचतो, त्याचे तो पैसे देतो. वाक्यं चांगली असावीत हे त्यात धरलेलंच असतं, जसं लोहार चाळीतला स्विच चालणारा असणार हे धरलेलं असतं.

हिशेब करून बघू. समजा, एका माहितीपत्रकाचे 10,000 रुपये ठरलेत. विषय कोरा असेल तर वाचण्यात दोन दिवस, ग्राहकाला प्रश्न विचारण्यात एक, लिहिण्यात एक, आणि ‘असं नाही हो, आमच्यात याला असं म्हणत नाहीत’ या दुरुस्त्यांत दोन. सहा दिवस. दिवसाला साधारण 1,667 रुपये. विषय ओळखीचा असेल तर तेच काम दोन दिवसांत होतं, म्हणजे दिवसाला 5,000. दर एक पैशाने वाढवलेला नाही, तरी कमाई तिप्पट. ग्राहकाच्या बाजूनेही बघा. पहिल्या वेळी त्याच्या मॅनेजरचे दोन दिवस माझी शिकवणी घेण्यात गेले, दुसऱ्या वेळी अर्धा तास. पुढच्या खेपेला मी 15,000 सांगितले तरी तो का-कू करणार नाही, कारण स्वस्त माणूस महाग कसा पडतो ते त्याने एकदा बघितलेलं असतं.

म्हणून ‘मला काय आवडतं’ या प्रश्नावरून गल्ली निवडू नये, असं मी भाचीला म्हटलं. तिचा चेहरा पडला. फॅशन, ट्रॅव्हल आणि खाणं हे नव्या कॉपीरायटरचे तीन ठरलेले नवस. विषय सगळ्यांना आवडतात म्हणून लिहिणारे ढीगभर, आणि ग्राहकाला समजावून सांगावं लागतंच असं काही नसतं. कुर्ता म्हणजे काय हे कोणालाही ठाऊक असतं. मग पैसे कशाचे मागणार? (फॅशनमध्ये कापडाचं विणकाम, रंगाई, पैठणीचा अस्सल काठ कसा ओळखायचा हे जाणणारी कोणी असेल तर तिची गोष्ट वेगळी. पण मग ती फॅशनवाली नाही, ती कापडवाली झाली.)

बरं, गल्ली म्हणजे फक्त विषयच असतो असंही नाही. काहीजण प्रकारावरून ओळखले जातात: हा रेडिओ स्पॉट लिहितो, ही फक्त ईमेल लिहिते, तो अ‍ॅपमधली बटणं आणि एररचे संदेश लिहितो. प्रकाराच्या गल्लीचा फायदा म्हणजे एक धंदा बसला तरी दुसरा असतो. तोटा असा, की दर नव्या ग्राहकामागे विषयाची शिकवणी परत सुरू. तिसरी वाटणी भाषेची, आणि इथे मराठी लिहिणाऱ्यांनी जरा जपून राहावं.

‘मी मराठी कॉपीरायटर’ ही ओळख मुंबईत पटकन काम मिळवून देते. हिंदीत किंवा इंग्रजीत केलेली मोहीम मराठीत आणायची असते, त्याला धंद्यात अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. रात्री नऊला मेल येतो, सकाळी दहाला हवं असतं, आणि पैसे शब्दावर. मी चार वर्षं हेच केलं. त्यातून इतकंच कळलं की शब्दावर पैसे घेणाऱ्याला कोणी शब्द कमी करायचे पैसे देत नाही, आणि आपलं तर कामच शब्द कमी करायचं. भाषा ही गल्ली नव्हे, तो गल्लीत शिरायचा रस्ता. मराठी अधिक शेतीची अवजारं, मराठी अधिक विमा, मराठी अधिक शाळाप्रवेश अशी जोड लागली की मग दर शब्दावरून कामावर येतो.

माझी जोड कशी लागली ते सांगते, कारण ती मी निवडली नाही. ती आमच्या बिल्डिंगला गळती लागली म्हणून लागली.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी 1974 सालची, 28 सभासद. पावसाळ्यात जिन्यात बादल्या ठेवायची वेळ आली तेव्हा रिडेव्हलपमेंटचा विषय निघाला, आणि लिहिता-वाचता येतं म्हणून मला कमिटीत ढकललं. त्यानंतरची दोन वर्षं मी पीएमसी (प्रकल्पाचा सल्लागार), फीझिबिलिटी रिपोर्ट, टेंडर, एसजीएम (खास सर्वसाधारण सभा) यांत काढली. महाराष्ट्रात सहकारी सोसायटीचा पुनर्विकास सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालच्या शासन निर्णयाप्रमाणे चालतो. सध्याचा निर्णय 4 जुलै 2019 चा. आर्किटेक्ट किंवा सल्लागार नेमायचा, व्यवहार्यता तपासायची, निविदा मागवायच्या, आणि निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर खास सर्वसाधारण सभा घेऊन विकासक निवडायचा. एकूण सभासदांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी होकार द्यायला हवा. म्हणजे 28 वेगवेगळ्या वयांच्या, शिक्षणाच्या, भीतीच्या माणसांना कागद वाचून कळायला हवा. इथे कॉपीरायटरचं काम येतं, पण हे काम कॉपीरायटरचं आहे हे तेव्हा मलाही सुचलं नव्हतं.

सभेत एका विकासकाने 42 स्लाइडचं प्रेझेंटेशन दाखवलं. लॉबी, गच्चीवरचा गझीबो, योगा डेक. संपल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, ‘मध्येच भाडं बंद पडलं तर मी कुठे जाऊ?’ 42 स्लाइडमध्ये याचं उत्तर नव्हतं. प्रेझेंटेशन करणारा मुलगा गझीबोवर परत गेला.

त्या रात्री मी त्याच विकासकाची लेखी ऑफर घेऊन बसले. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: ‘सदर प्रस्तावांतर्गत सभासदांस अस्तित्वातील चटई क्षेत्राच्या 35 टक्के अतिरिक्त क्षेत्र देय राहील.’ वाक्यात खोटं काही नाही. पण आमच्याकडे याच्यावरून दोन भांडणं झाली होती. चटई क्षेत्र म्हणजे घरातली वापरायची जागा, कार्पेट. आणि चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय, प्लॉटवर एकूण किती बांधता येईल त्याचं माप. पेपरात दुसरी चटई छापून येते, ऑफरमध्ये पहिली, आणि अर्ध्या सभासदांनी दोन्ही चटया एकच धरल्या होत्या. शिवाय 35 टक्के कशाचे? जुन्या करारातल्या आकड्याचे, की आता मोजलेल्या?

मी लिहिलं: ‘आज तुमचं घर 400 चौरस फूट कार्पेट असेल, तर नवीन घर 540 चौरस फूट कार्पेट मिळेल. 400 हा आकडा आर्किटेक्टने घरात येऊन टेपने मोजलेला आहे. तुमच्या घराचा आकडा मागच्या पानावरच्या तक्त्यात तुमच्या नावासमोर बघा. पटत नसेल तर पुढच्या रविवारपर्यंत सेक्रेटरींना कळवा, परत मोजू.’ पुढे भाडं. दर महिन्याला की वर्षाचं एकदम, दलाली कोण देणार, सामान हलवायचा खर्च एकदाचा की जाताना आणि येताना असा दोनदा, आणि भाडं थांबलं तर बँक गॅरंटीतून पैसे कसे मिळवायचे. काकूंचा प्रश्न सगळ्यात वर, त्यांच्याच शब्दांत. दोन पानं झाली. झेरॉक्स काढून दरवाजाखालून सरकवली.

आठवड्याने पीएमसीने विचारलं, ‘हे कोणी लिहिलं?’ त्याच्याकडे आणखी सोसायट्या होत्या. माझी गल्ली तिथे सुरू झाली. आज मी विकासकांसाठी सभासदांना द्यायचे प्रस्ताव लिहिते, सल्लागारांसाठी टेंडरच्या तुलनेचे तक्ते माणसांच्या भाषेत आणते, कधीकधी सोसायटीच मला बोलावते. कोणी ‘कॉर्पस’ (विकासकाने द्यायची ठोक रक्कम) म्हणालं की मला शब्दकोश लागत नाही. आयओडी, सीसी, ओसी या बांधकामाच्या सरकारी परवानग्यांतलं कुठलं पत्र आल्यावर घर रिकामं करायचं आणि कुठलं आल्यावर परत यायचं, हे मी स्वतः सामान बांधून शिकलेय.

यातून भाचीला मी जे विचारलं ते असं. ज्या विषयात जायचंय त्यात घेणारा माणूस कोणते दहा प्रश्न विचारतो, ते गूगल न उघडता लिहून दाखव. फॅशनचे तिला चार सुचले. ट्रॅव्हलचे सहा, त्यातले तीन व्हिसाचे. मग मी म्हटलं, आता औषधांचे लिही. कारण या बाईने जाहिरातीत यायच्या आधी बी.फार्म. केलंय आणि ती गोष्ट ती कोणाला सांगतसुद्धा नाही. ‘रटाळ होतं गं,’ म्हणते. वहीचं पान भरलं. गोळी जेवणाआधी का नंतर, लिव्हरच्या रुग्णाला चालेल का, दुसऱ्या गोळीशी पटेल का, जेनेरिकपेक्षा महाग का. आपल्याला जे फुकट येतं त्याची किंमत शून्य धरायची सवय असते. वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात दहा वर्षं बसलेला मुलगा लाइफस्टाइल लिहायला निघतो आणि प्लंबिंगची कंपनी चांगल्या मराठी लेखकाला शोधत फिरत असते.

दुसरं, मी भीतीबद्दल विचारते. मजकूर चुकला तर ग्राहकाचं काय होईल? कॅफेच्या इन्स्टाग्रामवर विनोद फसला तर फार काही होत नाही. पण काही धंद्यांत एक शब्द महागात पडतो, आणि जिथे शब्द महाग तिथे शब्द जाणणारा महाग. मुंबईत असे धंदे एकेका स्टेशनला आहेत.

घरांचं घ्या. घरबांधणी प्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्यानुसार नोंदणी लागणारा प्रकल्प नोंदवल्याशिवाय त्याची जाहिरातच करता येत नाही. जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक लागतो, 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही लागतो, आणि तो नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि नुकसान झालं, तर तो भरपाई मागू शकतो, व्याजासकट पैसे परत मागू शकतो. ‘स्टेशनपासून 5 मिनिटांवर’ हे तीन शब्द लिहिताना आता मी विचारते: चालत, की शेअर रिक्षाने? आणि शेअर रिक्षाची सकाळी आठची रांग त्या पाचात धरली आहे का?

पैशाचं घ्या. सेबीचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, म्युच्युअल फंडांची बरीचशी ऑफिसं याच शहरात. दरमहा 5,000 रुपये, 20 वर्षं, वर्षाला 12 टक्के धरले तर जवळजवळ 50 लाख होतात. गणित बरोबर आहे. नवखा लिहील, ‘5,000 भरा, 50 लाख मिळवा.’ जाणकाराच्या अंगावर काटा येईल, कारण म्युच्युअल फंडाला परताव्याची हमी देता येत नाही. गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे, ही सूचना आपण सगळ्यांनी घाईघाईत म्हटलेली ऐकलीय. ती सूचना शेवटी चिकटवणं सोपं. वरचा मजकूरही तिच्याशी भांडणार नाही असा लिहिणं, हे त्या गल्लीचं कसब.

औषधाचं माझ्याच अंगावर आलं. गल्ली सापडण्याआधी मी काहीही घ्यायचे. एका चूर्णवाल्याचं पत्रक घेतलं, त्याच्याच सांगण्यावरून ठळक ओळ लिहिली, ‘मधुमेह मुळापासून बरा’. छापून झाल्यावर कोणीतरी तक्रार केली. 1954 सालचा एक केंद्रीय कायदा आहे, औषधांच्या आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. त्याच्या परिशिष्टात 54 आजारांची यादी आहे आणि ते बरे करण्याची जाहिरात करता येत नाही. मधुमेह त्या यादीत आहे. मला त्या कायद्याचं नावही माहीत नव्हतं. पत्रकं गोदामात गेली, माझे पैसे बुडाले, आणि चूक माझीच असल्यामुळे मला मागताही आले नाहीत. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. तो दंड लिहिणाऱ्याच्या खिशातून जात नसला तरी त्यानंतर तो ग्राहक लिहिणाऱ्याला चहाला बोलावत नाही.

भाचीच्या वहीतल्या पानाकडे परत येते. डॉक्टरांसमोर एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, जे रंगीत फ्लिप-पुस्तक उघडतो त्याला व्हिज्युअल एड म्हणतात, आणि मागे ठेवून येतो ते लीव्ह-बिहाइंड. देशातल्या कितीतरी मोठ्या औषध कंपन्यांची ऑफिसं सांताक्रूझ, गोरेगाव, लोअर परळ, अंधेरी या पट्ट्यात आहेत, आणि हीच कामं करणाऱ्या छोट्या एजन्सीही त्यांच्या आसपास. तिथे लिहिणारा माणूस शोधपत्र वाचून त्यातला आलेख बरोबर समजणारा लागतो. औषध कंपन्यांच्या विपणनाची 2024 ची आचारसंहिता सांगते की ‘सुरक्षित’ हा शब्द नुसता, पुस्ती न जोडता वापरायचा नाही, आणि जे औषध भारतात 12 महिन्यांहून जास्त काळ उपलब्ध आहे त्याला ‘नवीन’ म्हणायचं नाही. जाहिरातीतले दोन सगळ्यात लाडके शब्द, दोन्ही तिजोरीत. भाचीला हे ऐकून पहिल्यांदा मजा वाटली. रटाळ वाटत नव्हतं तेव्हा.

आता गल्लीत गिऱ्हाईक आहे का, हे बघायचं. वीस नावं लिहा, जे हे काम बाहेर देतात आणि वर्षातून एकदाच नाही तर परतपरत देतात. वीस होत नसतील तर गल्ली फार अरुंद आहे. लग्नपत्रिकांचा मजकूर मी सुंदर लिहिते, पण एका घरात लग्न किती वेळा होणार? अरुंद गल्लीची दुसरी अडचण माझ्याकडे येते. एकाच सोसायटीच्या टेंडरला दोन विकासक उभे असतात आणि दोघंही मलाच फोन करतात. पहिला फोन ज्याचा त्याचं काम, दुसऱ्याला ‘या सोसायटीचं घेतलंय’ एवढंच सांगायचं, कोणाचं ते नाही. एकदा मोहात पडून दोघांचं घ्यायचा विचार केला होता. नवरा म्हणाला, ‘मग एसजीएमला बसणार कोणाच्या बाजूला?’

आणि गल्ली बुजूही शकते, हे लपवण्यात अर्थ नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये इव्हेंट आणि ट्रॅव्हल लिहिणाऱ्यांचे फोन एका आठवड्यात थांबले. ऑगस्ट 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायच्या खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरही बंदी आली. त्या अ‍ॅपसाठी क्रिकेटच्या मोसमात नोटिफिकेशन लिहून घर चालवणारी माणसं होती. त्यांची भाषा तीच, हात तोच, पण दुकानासमोरचा रस्ताच उचलून नेला. म्हणून शेजारची एक गल्ली डोळ्यासमोर असावी. माझी शेजारची म्हणजे सोसायट्यांचं रोजचं लिखाण: नोटिसा, पार्किंगचे नियम, मेंटेनन्सची पत्रं. पैसे कमी, पण भांडणं संपत नाहीत तोवर काम संपत नाही.

एआयचं विचाराल तर त्याने आधी खाल्लं ते कोणत्याही गल्लीत नसलेलं लिखाण. ‘आमची उत्पादने उच्च दर्जाची आहेत’ हे वाक्य आता फुकट मिळतं, आणि मिळावंच. काकूंचा प्रश्न वर घ्यायचा हे सुचायला त्या सभेत बसलेलं असावं लागतं.

बदल कसा करायचा? नोकरी किंवा सगळी कामं एका दिवशी सोडून नाही. मुंबईत घरभाडं एक तारखेला जातं. पहिलं वर्षभर येईल ते करा, पण बोलताना एकच सांगा. बोलायला एक, पोटाला चार. मी आधी ‘कॉपीरायटर आहे’ म्हणायचे तेव्हा समोरचा ‘अरे वा’ म्हणून विषय बदलायचा. आता ‘सोसायट्यांच्या रिडेव्हलपमेंटची पत्रकं लिहिते’ म्हटलं की लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी खुर्ची जवळ ओढतं: आमच्याकडे पण चाललंय, जरा बघाल का. नमुने नसतील तर स्वतः बनवा. बाजारातलं एखादं वाईट पत्रक घ्या, नाव झाका, आपल्या पद्धतीने लिहा, दोन्ही शेजारी ठेवा. असे दोन पुरतात. पाचवा नमुना कोणी उघडत नाही.

पैशांचंही गल्लीप्रमाणे वेगळं असतं, ते आधीच विचारून घ्यावं. मोठ्या कंपन्या परचेस ऑर्डर देतात आणि मग आपलं बिल दोन-दोन महिने लेजरमध्ये शोधतात. बांधकामवाले तोंडी ‘हो’ लगेच म्हणतात आणि चेक स्लॅबप्रमाणे, म्हणजे बांधकाम चढेल तसा, येतो. 2006 च्या एमएसएमई कायद्यात लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायची तरतूद आहे आणि उद्यम नोंदणी करून एकट्या लेखकालाही तिचा आधार घेता येतो. बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापला की फोन जरा लवकर उचलतात, एवढं मी बघितलंय.

भाचीने नोकरी अजून सोडलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत तिने आम्लपित्ताच्या एका गोळीचं व्हिज्युअल एड स्वतःच नव्याने लिहिलं, आणि ते बघून अंधेरीतल्या एका छोट्या औषध-एजन्सीने तिला पहिलं काम दिलं. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन. ‘मावशी, मी ‘नवीन’ काढायला सांगितलं, तर ब्रँड मॅनेजर म्हणतात गोळी जुनी आहे पण स्ट्रिप नवीन आहे. मग ‘नवीन स्ट्रिप’ म्हटलेलं चालतं का? आणि चाललं तरी डॉक्टर वाचताना गोळीच नवीन समजणार ना?’

मी म्हटलं, ‘मला स्लॅब आणि भाडं कळतं गं. गोळीचं मी काय सांगू?’

‘बरं, मग मीच बघते,’ म्हणाली आणि फोन ठेवला.